भुकेची रेघ कुणाच्या बाजूने आखायची?

पोस्ट मोठी आहे, पण मुद्दा एकच आहे. आधी माझी चूक सांगतो, मग इतरांकडे वळतो.

मागच्या महिन्यात तालुक्याला कुपोषणाची आढावा बैठक होती. आम्ही चार-पाच बातमीदार नेहमीसारखे मागच्या खुर्च्यांवर. आकडे वाचून झाले. वयाच्या मानाने बुटक्या राहिलेल्या मुलांचं प्रमाण हलायला का तयार नाही, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, "अहो, आपली मुलं जात्याच लहान चणीची. काटक असतात. मोजपट्टी परदेशातली, ती आपल्याला कशी लागू व्हायची? हे शास्त्रीय आहे." सगळे हसले. मीही मान डोलावली. संध्याकाळी बातमी पाठवली, दुसऱ्या दिवशी तीन कॉलमात छापून आली. मथळा: 'मुलं लहान चणीची, कुपोषित नव्हेत'.

दुपारी एका अंगणवाडी सेविकाताईंचा फोन. आवाज चढलेला नव्हता. म्हणाल्या, "दादा, एका आईला पंधरा दिवस समजावत होते, पोराला पोषण पुनर्वसन केंद्रात ने म्हणून. आज ती तुमचा पेपर घेऊन आली. म्हणते, ताई, पेपरात लिहिलंय, आमची पोरं अशीच असतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'हे शास्त्रीय आहे' एवढं ऐकलं आणि मी पेन खाली ठेवलं होतं. कुठलं शास्त्र, कुणी मांडलं, कशावरून, एकही प्रश्न विचारला नाही. राजकारण्याने काही म्हटलं तर आम्ही दहा प्रश्न विचारतो, आणि कुणी 'शास्त्र' म्हटलं की मान डोलावतो.

म्हणून गेले काही आठवडे ते वाक्य कुठून आलं, याचा माग काढत बसलो. आणि निघालं काय, तर ते परदेशातून आलेलं नाही. त्याची वाट आपल्या पुण्यातून जाते. शिवाय त्या वाटेवर मूळ भांडण आहे ते भाकरीचं नाही, संख्याशास्त्राचं आहे. आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा तो कसा, आणि चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर टाकायची, हे ते भांडण.

सुरुवात १९३०च्या दशकातल्या लंडनपासून करावी लागते. थोडं सबुरीने घ्या, आपल्या अंगणवाडीत परत येतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तेव्हा एकाच इमारतीत दोन गट होते. एकीकडे रोनाल्ड फिशर. दुसरीकडे इगॉन पिअर्सन आणि त्यांचे पोलिश सहकारी येर्झी नेमन. वैर असं की दोन्ही गट चहाला एकाच खोलीत येत, पण वेगवेगळ्या वेळी. आपल्याकडे एका वाड्यातले दोन भाऊ पाणी भरायच्या वेळा वाटून घेतात, तसं.

वाद काय होता? फिशर म्हणायचे, आधी गृहीत धरा की विशेष काही घडलेलं नाही. मग हाती आलेला आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती ते पाहा. ती फार कमी निघाली, म्हणजे ढोबळमानाने शंभरात पाचहून कमी, तर गृहीतावर शंका घ्यायला जागा आहे. १९२५च्या त्यांच्या पुस्तकातून ही पाच टक्क्यांची सवय जगभर पसरली. नेमन आणि पिअर्सन म्हणाले, हे अर्धंच झालं. निर्णय घेताना चुका दोन प्रकारच्या होतात. निर्दोष माणसाला शिक्षा होणं ही एक, आणि गुन्हेगार सुटणं ही दुसरी. एक कमी करायला जाल तर दुसरी वाढते. आणि या दोहोंतली कुठली जास्त वाईट, हे गणित सांगू शकत नाही. ते परिणाम बघून माणसानेच ठरवायचं असतं. १९३३च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधातच हे आहे.

हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. रेघ कुठे ओढायची हे गणित ठरवत नाही. माणूस ठरवतो.

तर या भांडणाच्या ऐन काळात आपला एक मराठी मुलगा त्या इमारतीत शिकत होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३६मध्ये तिथे पीएच.डी. झाले. नेमन यांच्या हाताखाली शिकले आणि फिशर यांच्या पद्धतीवरही काम केलं. पुढे रोममधल्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जवळजवळ वीस वर्षं संख्याशास्त्राचे प्रमुख. पद्मभूषण. माणूस लहान नव्हता, हे आधी मान्य करू. मी त्यांच्याशी भांडणार आहे, पण आदर ठेवून.

त्या काळात जगातली दोन-तृतीयांश माणसं उपाशी आहेत असं सर्रास म्हटलं जायचं. त्या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांच्यासारखा नोबेल मिळालेला माणूस तसं म्हणत होता. सुखात्म्यांनी १९६१मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हिशेब मांडला. म्हणाले, हा आकडा टिकत नाही. पोटाला कमी पडणारे दहा ते पंधरा टक्के असतील. निकृष्ट आहारावर जगणारे त्याहून पुष्कळ जास्त, पण ती वेगळी गोष्ट.

त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. सरासरी गरज म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे. सरासरी माणसाला २,२५० कॅलरी लागतात असं धरलं, तर धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या लोकांतही कितीतरी जण त्याहून कमी खातात, कारण त्यांची गरजच कमी असते. २,२५०च्या खाली दिसला की उपाशी, असं म्हणालात तर खाऊनपिऊन सुखी माणूसही उपाशांच्या यादीत जाईल. एकदम बरोबर. मग सुखात्मे म्हणाले, सरासरीवरून खाली या. दोन 'प्रमाण विचलन' एवढं खाली. त्या पातळीच्याही खाली जो असेल त्यालाच खात्रीने उपाशी म्हणा.

आता सरासरीपासून माणसं साधारण १५ टक्क्यांनी इकडेतिकडे होतात असं धरलं, तर दोन पावलं खाली म्हणजे ३० टक्के खाली. २,२५०ची रेघ उतरते १,५७५वर. एका झटक्यात.

इकडे पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांची रेघ होती दिवसाला माणशी २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च करण्याची ऐपत. त्या हिशेबाने १९६०-६१मध्ये ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक रेघेच्या खाली होते. सुखात्मे रोमहून निवृत्त होऊन पुण्यात आले आणि 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'मध्ये काम करू लागले. दोन्ही संस्था एकमेकींपासून फार लांब नाहीत. लंडनमधलं वेगळं भांडण, पुण्यातलं वेगळं, पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर ही जुगलबंदी चांगलीच रंगली. एक म्हणतो देशाचा एवढा मोठा हिस्सा पोटभर खाऊ शकत नाही, दुसरा म्हणतो तुमची मोजणीच चुकीची, खरे उपाशी त्याहून पुष्कळ कमी.

आकडे दोघांसमोर साधारण तेच होते. सरकारी पाहणीतले. फरक होता रेघेत.

आता माझं म्हणणं. मी अर्थतज्ज्ञ नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण सुखात्म्यांच्या रेघेत नेमक्या त्याच ठिकाणी खोट आहे, जिथे त्यांच्या गुरूने बोट ठेवलं होतं.

सुखात्म्यांच्या रेघेने पहिली चूक छान सांभाळली. पोट भरलेल्या माणसाला चुकून 'उपाशी' म्हटलं जाण्याची शक्यता तिने शंभरात दोन-तीनवर आणली. पण दुसऱ्या चुकीचं काय? उपाशी माणसाला चुकून 'पोट भरलेला' म्हणण्याचं काय? ज्या बाईची स्वतःची गरज २,२५०ची आहे, दिवसभर निंदणी करून आली आहे, आणि पोटात १,६०० गेले आहेत, ती या रेघेच्या वर आहे. म्हणजे कागदावर ती ठीक आहे. तिचे ६५० कॅलरी कमी पडले. ज्वारीच्या पिठात मोजलं तर दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. दोन-तीन भाकरी. रोज दोन-तीन भाकरी कमी खाणारी बाई, आणि आपण म्हणणार की पुरावा नाही.

ही साधी आकडेमोडीची बाब नाही. सुरुवातीचं गृहीतच बघा: 'हा माणूस पोटभर खातो'. उलटं सिद्ध करायची जबाबदारी कुणावर? उपाशी माणसावर. कोर्टात आरोपीला संशयाचा फायदा देतात, कारण निर्दोषाला फाशी होऊ नये. इथे संशयाचा फायदा कुणाला मिळतो? व्यवस्थेला. गुन्हेगार सुटू नये म्हणून नाही, भुकेला मोजला जाऊ नये म्हणून. सुखात्म्यांचा हेतू तसा नव्हता, मला माहीत आहे. पण रेघ हेतू बघत नाही, ती जिथे ओढली तिथेच राहते.

दांडेकर आणि इतर टीकाकारांचा दुसरा आक्षेप माझ्या मते आणखी जबर आहे. दोन पावलं खाली यायचा हिशेब तेव्हाच लागू पडतो, जेव्हा कमी-जास्त खाणं हे योगायोगाने वाटलं गेलेलं असतं. म्हणजे कमी खाणाऱ्याची गरजही कमी असते, असं. पण आपल्या गावात कमी कोण खातं? ज्याची भूक कमी आहे तो, की ज्याचा खिसा रिकामा आहे तो? वरच्या आळीत सगळ्यांची गरज जास्त आणि खालच्या वस्तीत सगळ्यांची गरज कमी, असं देवाने वाटप केलेलं नाही. शिवाय मोजणी होते ती कुटुंबाची. एका घरात कुणाची गरज कमी, कुणाची जास्त, सरासरीत हे बरंचसं भागून जातं. अख्खं कुटुंबच सरासरीच्या कितीतरी खाली असेल, तर त्याला 'व्यक्ती-व्यक्तीतला फरक' म्हणणं ही फसगत आहे.

यावर सुखात्म्यांनी आणि अमेरिकेतल्या शेल्डन मार्गन यांनी उत्तर दिलं. एकाच माणसाचं खाणंसुद्धा आठवड्याआठवड्याला बदलतं आणि शरीर जुळवून घेतं, कमी मिळालं तर काटकसरीने वापरतं. कल्पना विचार करण्यासारखी होती. पण आधार होता मोजक्या, धडधाकट तरुणांवरच्या निरीक्षणांचा. त्यात ब्रिटिश लष्करातले रंगरूट होते. त्यांच्यावरून आमच्या तालुक्यातल्या गरोदर ऊसतोड बाईबद्दल निष्कर्ष काढायचा?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपण म्हणतो आणि ते खरं आहे. संख्याशास्त्र म्हणजे तेच. पण शीत त्याच पातेल्यातलं हवं. शेजारच्या घरातलं शीत दाबून आपला भात शिजला म्हणून कुणी गॅस बंद करत नाही.

आणि याच विचारातून १९८२मध्ये ते वाक्य आलं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी 'लहान पण निरोगी' हा सिद्धांत मांडला. सुखात्म्यांनीच संपादित केलेल्या, पुण्यात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात. गरीब देशांतली बुटकी मुलं बहुतेक आजारी नाहीत, त्यांचं शरीर परिस्थितीशी जुळवून लहान झालेलं आहे, असा त्याचा मथितार्थ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं नेतृत्व केलेले डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर कडाडून टीका केली. त्यांचा प्रश्न साधा होता. लहान असणं एवढं चांगलं असेल तर ते फक्त गरिबांसाठीच का?

म्हणजे आमच्या आढावा बैठकीत व्यासपीठावरून जे 'शास्त्रीय' म्हणून आलं, ते चाळीस वर्षांपूर्वीचं, तेव्हाच वादग्रस्त असलेलं एक गृहीत होतं. आणि मी ते मथळ्यात छापलं.

बरं, त्या 'परदेशी मोजपट्टी'चंही बघू. आज अंगणवाडीत जी वाढीची मानकं वापरतात ती जागतिक आरोग्य संघटनेची, २००६ची. ती तयार करताना सहा देशांतली मुलं मोजली होती. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. होय, भारत. दक्षिण दिल्लीतली मुलं. आईचं दूध मिळालेली, आई सिगारेट न ओढणारी, घरची परिस्थिती बरी असलेली. या सहा देशांतल्या मुलांची उंची बाळपणात जवळपास सारखीच वाढत होती. फरक देशादेशांत फारसा नव्हता. पोटभर मिळालं, दुखणी कमी झाली, तर आपली मुलंही तेवढीच वाढतात. म्हणजे ज्या मोजपट्टीला आपण परदेशी म्हणतो तिच्यात आपली मुलंही आहेत.

यावरही वाद झाला, तो लपवत नाही. अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३मध्ये भारतीय मुलांना हीच पट्टी लावण्यावर आक्षेप घेतला. आईच बुटकी असेल तर मूल एका पिढीत उंच होणार नाही, हाही मुद्दा लोक मांडतात. तो खरा आहे. पण आई बुटकी का, हे विचारलं की आपण पुन्हा तिथेच येतो. तिच्या लहानपणी तिच्या ताटात काय होतं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टीवरची रेघही दोन प्रमाण विचलन खालीच आहे. तिचा अर्थ नीट समजून घ्या. पूर्ण निरोगी मुलांच्या गर्दीतही १०० पैकी दोन-तीन मुलं त्या रेघेच्या खाली असणारच. म्हणून एखादं मूल रेघेखाली दिसलं म्हणजे ते नक्की कुपोषित, असं म्हणता येत नाही. खरोखरच एखादं मूल जात्या लहान चणीचं असू शकतं. इथपर्यंत व्यासपीठावरचे साहेब बरोबर.

पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ची, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. चौथ्या फेरीत, २०१५-१६ला, ती ३४.४ होती. निरोगी गर्दीत दोन-तीन असायला हवीत, आपल्याकडे पस्तीस आहेत. पंधरा पट. एक मूल योगायोगाने लहान असतं. शंभरात पस्तीस योगायोगाने लहान नसतात. आणि गंमत बघा, ज्या अर्थी एवढी मुलं रेघेखाली गेली, त्या अर्थी अख्खी गर्दीच खाली सरकली आहे. म्हणजे रेघेच्या वर राहिलेल्यांतलीही पुष्कळ मुलं त्यांना जेवढं वाढता आलं असतं तेवढी वाढलेली नाहीत. ती कुठल्याच यादीत नाहीत.

एका मुलाबद्दलचा निष्कर्ष आणि समूहाबद्दलचा निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोयीप्रमाणे एक काढून दुसऱ्याच्या जागी बसवायची, हा खेळ आहे. समूहाचा आकडा वाईट निघाला की म्हणायचं 'प्रत्येक मूल वेगळं असतं'. एखाद्या मुलाची आई दारात आली की म्हणायचं 'आमच्या मुलांची जातच अशी'. दोन्हीकडून आई हरते.

दुसरा खेळ आणखी जुना. 'पुरावा मिळाला नाही' याला 'तसं नाहीच असं सिद्ध झालं' म्हणायचं. विहिरीत बादली टाकली, मासा आला नाही, म्हणून विहिरीत मासा नाही? २०१९मध्ये 'नेचर'मध्ये तीन शास्त्रज्ञांनी नेमकं हेच लिहिलं आणि त्याला आठशेहून जास्त जणांनी सह्या दिल्या. निष्कर्ष 'लक्षणीय' निघाला नाही म्हणजे परिणाम शून्य, असं म्हणणं बंद करा. रेघेच्या अलीकडे खरं आणि पलीकडे खोटं, हे बंद करा. त्याआधी २०१६मध्ये अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेनेही सांगितलं होतं की एखादा आकडा ठरावीक मर्यादा ओलांडतो की नाही, एवढ्यावरच धोरणाचे निर्णय घेऊ नका. म्हणजे ज्यांचं हे शास्त्र, तेच सांगतात की रेघेची पूजा करू नका. पूजा करतात ते साहेब, आणि आरती म्हणतो आम्ही पत्रकार.

एक बाजू झोडली की दुसरी टाळ्या वाजवते, म्हणून तिलाही सांगतो. जागतिक भूक निर्देशांकात भारत २०२२ला १२१ देशांत १०७वा आला की तुमचे स्टेटस भरून जातात. सरकार म्हणतं, एवढ्या मोठ्या देशात ३,००० लोकांना विचारून काय कळतं. तुम्ही म्हणता, सरकार खोटं बोलतं. दोघांनीही ते मोजलं कसं हे वाचलेलं नसतं. नमुना ३,०००चा आहे एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. पातेलं नीट ढवळलं असेल तर चार शितंही पुरतात, आणि ढवळलं नसेल तर अर्धं पातेलं खाऊनही कळणार नाही. विचारायचं ते हे की माणसं निवडली कशी, विचारलं काय, आणि त्या उत्तरांचा क्रमांकात वापर झाला तरी का. आणि हो, त्या निर्देशांकात अपुऱ्या आहाराचा जो आकडा असतो, तो काढायची अन्न व कृषी संघटनेची पद्धत सुखात्म्यांच्याच विचाराच्या वळणाची आहे. सरासरी गरजेवर नाही, किमान गरजेवर रेघ, तीही हलकं काम करणाऱ्या माणसाच्या हिशेबाने. म्हणजे आपल्याला अपमान वाटतो त्या आकड्याचा हा भाग हातचं राखूनच मोजलेला आहे, आणि त्याची मुळं आपल्याच माणसाच्या कामात आहेत.

दांडेकरांची रेघही काही ब्रह्मदेवाने ओढलेली नव्हती. गाव आणि शहर दोन्हींना २,२५० का? पुढे १९७९मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने गावाला २,४०० आणि शहराला २,१०० धरलं. २००९मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीला बांधलेली गाठच सोडली. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहराला दिवसाला ३२ रुपये आणि गावाला २६ असं प्रतिज्ञापत्र गेलं आणि देशभर बोंब उठली. रेघा बदलत गेल्या. प्रत्येक वेळी त्यांना शास्त्राचा शिक्का होता. आणि प्रत्येक वेळी आम्ही बातमी दिली ती एवढीच, की गरीब किती कमी झाले किंवा किती वाढले. रेघ हलली, हे मथळ्यात आलं नाही.

सुखात्म्यांचं एक म्हणणं मात्र आजही डोक्यावर घ्यावं असं आहे. नुसत्या कॅलरी मोजू नका, प्यायचं स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची सोय बघा, सारखी जुलाब होणारी पोरं खाल्लेलं अंगी लावू शकत नाहीत, हे ते तळमळीने सांगत होते. त्यांचं नाव घेऊन 'मुलं काटक आहेत' म्हणणारे त्यांचा हा अर्धा भाग सोयीने विसरतात. आमच्या तालुक्यात किती अंगणवाड्यांना नळ आहे, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या आठवड्यात त्या ताईंच्या अंगणवाडीत गेलो. माफी मागायला, दुसरं काय. त्यांनी दंडघेर मोजायची पट्टी दाखवली. लाल, पिवळा, हिरवा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. मी विचारलं, "साडेअकराला एक रेघ कमी आणि एक रेघ जास्त, एवढ्याने काय फरक पडतो?" त्या म्हणाल्या, "पोरात काही फरक नसतो दादा, कागदात असतो. लाल आलं की वरून फोन येतो, पिवळं आलं की येत नाही." मग म्हणाल्या, "काठावरचं असलं की मी वजन-उंची पुन्हा घेते. आईला विचारते, जेवतो का, जुलाब होतात का. आणि शंका असली तर धरते. एखादं पोर उगाच धरलं गेलं तर काय होईल? दोन घास जास्त खाईल."

नेमन आणि पिअर्सन यांनी १९३३मध्ये जे लिहिलं, ते या ताईंनी एका वाक्यात सांगितलं. दोन चुकांची किंमत सारखी नसते. चांगल्या मुलाला कुपोषित म्हटलं तर ते दोन घास जास्त खाईल. कुपोषित मुलाला चांगलं म्हटलं तर काय होतं, ते मेळघाटाला विचारा.

कुणी म्हणेल, पैसा मर्यादित आहे. सगळ्यांनाच धरलं तर खरोखर गंभीर असलेल्या मुलांचा वाटा कमी होईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि मला तो मान्य आहे. पण मग तो त्याच शब्दांत सांगा. म्हणा की एवढ्याच मुलांना पुरेल एवढी तरतूद आहे, म्हणून रेघ इथे. मग आम्ही तरतुदीवर भांडू, आमदारांना विचारू, झेडपीत विचारू. पैशाचा निर्णय शास्त्राच्या नावावर खपवला की भांडायला जागाच राहत नाही. माणूस शास्त्राशी कसा भांडणार? तो पेपर घेऊन अंगणवाडीत जातो आणि पोराला घरी घेऊन येतो.

यापुढे कुपोषणाची, गरिबीची, पटसंख्येची, कशाचीही आकड्याची बातमी देताना मी तीन प्रश्न विचारणार आहे. रेघ कुठे ओढली आणि कुणी? तिच्यामुळे चुकून आत आलेले किती आणि चुकून बाहेर राहिलेले किती? आणि चूक झाली तर किंमत कोण मोजणार? उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर मिळालं नाही' असं छापणार. तुम्हीही विचारा. ग्रामसभेत विचारा, माझ्या बातमीखाली मला विचारा. मी चुकलो की सोडू नका.

आणि त्या व्यासपीठावरच्या साहेबांना, ही पोस्ट त्यांच्यापर्यंत जाईलच, एवढंच सांगायचं आहे. पैसा नाही म्हणा, आम्ही ऐकून घेऊ. पण भूक नाही, असं शास्त्राच्या तोंडून वदवू नका.

ताजा कलम: ते मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं आहे. ताई स्वतः घेऊन गेल्या. त्याची बातमी पेपरात आलेली नाही, कारण ती मी पाठवली नाही. आईची परवानगी नव्हती.